सायकल कुठं वाजते

नवलने सायकल दुकानापुढच्या रस्त्यावर लांब नेऊन वळवली, परत आणली, अमृतच्या पुढ्यात ब्रेक मारून उभी केली आणि म्हणाला, "साहेब, सांगा बरं, कुठं वाजली?"

वाजली नव्हती. अमृत सबंध वेळ मान तिरकी करून, एक कान रस्त्याकडे लावून उभा होता. चाकाखाली खडी चुरल्याचा आवाज तेवढा आला. त्याने सायकल हातात घेतली, टांग मारली आणि समोरच्या मेडिकलपर्यंतही पोचला नसेल, तोच ती बोलली. कुईं. उजवा पाय खाली गेला की कुईं, डावा गेला की त्याच सुरात जरा बारीक. मेडिकलच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याने वर पाहिलं. अमृत वळून परत आला तेव्हा नवल हसू दाबत होता.

"आता वाजली," नवल म्हणाला. "पण मी चालवली की वाजत नाही आणि तुम्ही चालवली की वाजते, त्याला मी काय करू? ती तुमच्यावरच रुसलीये."

एरवी अमृतला असली थट्टा चालायची. त्या दिवशी चालली नाही. त्याने सायकल तशीच हाताने ढकलत घरापर्यंत नेली, म्हणजे निदान तेवढा वेळ तरी ती गप्प राहील.

नवल वाईट कारागीर नव्हता. जळगावच्या पिंप्राळ्यात जो तो स्कूटर उडवायला लागल्यापासून त्याच्याकडे पंक्चरचंच काम जास्त यायचं, तरी अमृतच्या सायकलीला तो मनापासून वेळ द्यायचा. आधी त्याने साखळीला तेल दिलं. मग पायडलं बदलली. मग क्रँक उघडून आतले छर्रे नवे टाकले, ग्रीस भरलं, कॉटर ठोकून बसवला. सीटच्या स्प्रिंगा कुरकुरत असतील असं कोणीतरी म्हणालं म्हणून सीट नवी आली. दर वेळी एखादा दिवस बरा जायचा. निदान बरा गेल्यासारखा वाटायचा. दुसऱ्या दिवशी पुलाची चढण लागली की खालून कुठूनतरी कुईं.

खालून कुठूनतरी, हेच तर वाईट होतं. पुढून येते म्हणावं तर मागून आल्यासारखी वाटायची. वाकून पायाशी कान नेला की ती वर सरकायची. अमृत महाजन एसटीत वाहतूक नियंत्रक होता. जळगावच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. हॉर्न, भांडणं, रडणारी पोरं, फलाटावर मागे येणाऱ्या गाडीला कंडक्टरने मारलेल्या शिट्ट्या, हे सगळं कानावरून वाहून जायचं आणि तो शांतपणे डबा खायचा. पण ही एक बारीक कुईं त्याला खाऊ देत नव्हती.

घरात दुसरं माणूस नव्हतं, हेही असेल. त्याची मुलगी डिंपल पुण्याला बाळंत झाली होती आणि बायको, चारुलता, तिच्याकडे गेली होती. ड्यूटीवरून आला की अमृत सायकल उचलून पुढच्या खोलीत घ्यायचा, फरशीवर जुने पेपर पसरायचा आणि पान्हा घेऊन बसायचा. एक एक वस्तू काढून बघायची असं त्याने ठरवलं. घंटी काढली. चेनकव्हर काढलं. कॅरियर काढलं, मग दोन्ही मडगार्ड. पिसं काढलेल्या कोंबडीसारखी ती सायकल भिंतीला टेकून उभी राहिली आणि तसल्या सायकलीवरून तो सकाळी कामावर गेला. शेजारच्या भिकुबाईंनी गच्चीवरून विचारलं, भाऊ, सायकल विकायला काढली का? तो हसला. पुलावर चढताना ती पुन्हा वाजली.

चारुलताचा फोन यायचा. जेवलात का, दूधवाला येतो का, असं विचारून झालं की ती नातीकडे फोन धरायची आणि अमृत नातीशी बोलता बोलता सायकलीवर यायचा. एकदा ती वैतागली. म्हणाली, नवी घ्या एखादी, नाहीतर डिंपलची स्कूटर झाकून ठेवलीये ती काढा. अमृत म्हणाला की ही नानाने बांधलेली आहे.

मग चारुलता म्हणाली, "मग नानांनाच दाखवा ना. का आता त्यांच्या दारात जायचंच नाही असं ठरवलंय?"

नाना म्हणजे लोटन, अमृतचा थोरला भाऊ. धुळ्याला आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत त्याचं सायकलचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. मूळ गाव नरडाण्याजवळ. अमृतला एसटीत नोकरी लागली तेव्हा लोटनने ही सायकल त्याच्यासाठी बांधली होती. फ्रेम एकीकडची, चाकं दुसरीकडची, पण सगळं पारखून घेतलेलं. सायकलीचा आवाज ओळखण्यात लोटनचा हात कोणी धरत नसे. रस्त्याच्या पलीकडून सायकल जात असली तरी तो हातातलं काम न सोडता सांगायचा, ह्याचा मागचा छर्रा फुटला आहे, चार दिवसांत येईल बघ. आणि तो माणूस यायचा.

तर अशा भावाशी अमृत बरेच महिने बोलला नव्हता. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, असंही त्याला वाटायचं. डिंपलच्या लग्नात व्याही मंडळी येऊन बसली होती, मांडवात बँड वाजत होता, आणि अमृतने लोटनला हाक मारली होती, नाना, इकडे ये, व्याह्यांना भेट. लोटनने त्याच्याकडे बघितलं. हसून मान हलवली आणि तोंड फिरवून दुसरीकडे चालता झाला. अमृतने पुन्हा हाक मारली, सगळ्यांदेखत, आणि तो वळलासुद्धा नाही. व्याह्यांनी काही विचारलं नाही, पण अमृतच्या मानेला जो घाम फुटला तो त्याला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिला. पुढे दर रविवारचा फोनही थांबला. अमृतने केला की वहिनी घ्यायची, बेबाबाई. ते दुकानात आहेत म्हणायची. ते आंघोळीला गेलेत म्हणायची. शेवटी अमृतने करणं सोडलं. आपलं काय चुकलं हे त्याने पुष्कळ शोधलं, वाटणीपासून आहेरापर्यंत सगळं उकरून पाहिलं, आणि काही सापडलं नाही म्हणून त्याला जास्तच राग आला.

ह्या सगळ्या काळात तो रोज माइकवर धुळ्याची गाडी पुकारत होता. फलाट अमुक, पारोळामार्गे धुळे. दिवसातून किती वेळा पुकारायचा याची गणती नव्हती. गाडी त्याच्या खिडकीसमोरून निघायची आणि तो पुढची पुकारायचा.

रुसलीये म्हणून नवलने हात टेकले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारची वेळ होती, ऊन तापायला लागलं होतं. अमृत माइकवर चोपड्याची गाडी पुकारत होता आणि मध्येच थांबला. कुईं. त्याने माइक तसाच चालू ठेवून आजूबाजूला पाहिलं. पुन्हा कुईं. तो टेबलावर चढला आणि त्याने वरचा पंखा हाताने धरून थांबवला. बाहेर फलाटावर लोक वर बघत होते, कारण माइकमधून टेबल सरकल्याचा आणि त्याच्या धापा टाकण्याचा आवाज सगळ्या स्थानकभर गेला होता. पंखा नव्हताच तो. बाहेर कोणीतरी बाकडं हलवत होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने त्याच्या हातातून माइक घेतला, बंद केला आणि हळूच सांगितलं, महाजन, उद्या तुमची सुट्टी आहे ना, जरा कुठं जाऊन या.

अमृत घाम पुसत खाली उतरला. आपलं काहीतरी बिघडत चाललंय ह्याची त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

सकाळी त्याने सायकल काढली ती सरळ स्थानकात नेली. धुळ्याच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता. दोघांनी मिळून सायकल टपावर चढवली, दोरीने बांधली. कंडक्टर म्हणाला, साहेब, हिचं अर्धं तिकीट लागेल, अर्धीच तर राहिली आहे. अमृत खिडकीशी बसला. गाडी एरंडोल सोडून पुढे निघाली तरी त्याचं लक्ष टपाकडे होतं. वर काही खडखडलं की तो दचकायचा. नानाला काय म्हणायचं, हे तो मनात जुळवत होता. कामासाठी आलोय, असं म्हणू. गिऱ्हाईक म्हणून आलोय, घरात येणार नाही. मग त्याला ते पोरकट वाटलं. मग राग आला. पारोळा येईपर्यंत त्याने अशी दोन-तीन भांडणं मनातल्या मनात करून टाकली आणि सगळ्यांत तोच जिंकला.

लोटन दुकानाच्या पायरीवर बसून चाकाच्या तारा ताणत होता. केस पार पिकले होते. अमृत सायकल धरून समोर उभा राहिला आणि म्हणाला, "नाना."

लोटनने मान वर केली नाही. तार पिळली, चाक फिरवलं, पुन्हा तार पिळली. अमृतने परत हाक मारली. गल्लीतून जाणाऱ्या बाईने वळून पाहिलं, लोटनने नाही. म्हणजे हा राग इतका आहे तर, अमृतच्या मनात आलं, आणि तो उलट्या पावली जाणार, एवढ्यात त्याची सावली फिरत्या चाकावर पडली. लोटनने वर पाहिलं. आणि त्याचा चेहरा असा उजळला की अमृतला जुळवून आणलेलं एकही वाक्य आठवेना.

"कव्हय उना?" केव्हा आलास, असं लोटनने अहिराणीत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो स्वतःच बोलत सुटला. ऊन किती झालं, गल्लीत गटार कसं खोदून ठेवलंय, सायकली आता पोरं व्यायामाला घेतात आणि गिअरच्या घेऊन येतात. अमृतने मध्येच सांगितलं की चारुलता पुण्याला गेली आहे, डिंपलला मुलगी झाली. लोटनने मान हलवली, चांगलं शे, चांगलं शे, म्हणाला, आणि पुन्हा गटारावर आला. अमृतला काही उमजेना. रागावलेला माणूस असा बोलत नाही. पण पहिली नात झाली म्हटल्यावर आजोबाला एवढंच बोलावंसं वाटावं?

मग लोटनची नजर सायकलीवर गेली. तिची ती दशा बघून तो खो खो हसला. "हाई काय करी टाकं?" म्हणाला.

अमृतने सांगितलं. पायडल दाबलं की वाजते, सगळं बदललं, नवलने हात टेकले. लोटन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, मान हलवत राहिला. मग धोतराला हात पुसून त्याने सायकल घेतली आणि टांग मारली. दोघे भाऊ अंगाने सारखेच, आडव्या हाडाचे, बापावर गेलेले. लोटन सीटवर नीट बसला आणि पहिल्याच पायडलला ती किंचाळली.

अमृतला हायसं वाटलं. वाजली. नानाच्या पायाखाली वाजली. गल्लीभर कुईं कुईं करत लोटन गेला. चहाच्या टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या. कोपऱ्यावर एक कुत्रं उठून बाजूला झालं. लोटन निवांत, पाठ ताठ ठेवून गेला, वळला, तसाच वाजत वाजत परत आला आणि उतरला.

"कोठे शे आवाज?" तो म्हणाला. "गाडी लोनी शे, लोनी."

अमृत त्याच्याकडे बघत राहिला. लोटनच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता, आणि तेच अमृतला जास्त लागलं. इतक्या लांबून आलो, वाट वाकडी करून दारात आलो, आणि हा असा तोंडावर खोटं बोलतो. लोटन सायकल भिंतीला टेकवायला वळला आणि अमृतच्या तोंडून भडाभडा सगळं बाहेर आलं. आवाज चढला नाही, पण जे जे साठलं होतं ते सगळं त्या पाठीला ऐकवलं. लग्नात चारचौघांत पाठ फिरवलीस. फोन घेत नाहीस. काय चुकलं ते एकदा सांगून टाक, म्हणजे मी पुन्हा येणार नाही.

लोटनने सायकल टेकवली. वाकून मागच्या टायरची हवा अंगठ्याने दाबून पाहिली. त्याच्या खांद्याची एक रेषसुद्धा हलली नाही.

घराच्या दारात बेबाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती केव्हा आली ते अमृतला कळलं नव्हतं. ती पुढे झाली, तांब्या त्याच्या हातात दिला.

"भाऊ, त्यासना मांगे बोलू नका," ती म्हणाली. "त्यासले ऐकू येत नही."

अमृतने तांब्या धरला होता, पण पाणी प्यायचं त्याला सुचलं नाही. त्याने विचारलं, केव्हापासून. तिने सांगितलं, आधी थोडं थोडं होतं, टीव्ही मोठा करायचे, बोलणारा पुटपुटतो म्हणून चिडायचे. आता बठ्ठंच गयं, सगळंच. डॉक्टर म्हणाले शिरा सुकल्या. कानातलं मशीन आणलं होतं. ते लावलं की आग्रा रोडवरचे सगळे हॉर्न एकदम डोक्यात शिरतात आणि माणसाचं बोलणं तेवढं कळत नाही, म्हणून ते काढून डबीत ठेवून दिलं. तोंडाकडे बघून पुष्कळ ओळखतात. नाही कळलं की मान हलवतात.

"पण तू फोनवर..." अमृत म्हणाला.

त्यासनी शपथ घातली होती, बेबाबाई म्हणाली. कोणाला सांगायचं नाही. तुम्हाला तर अजिबातच नाही.

लोटन टायर सोडून उभा राहिला होता. त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, भावाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला काही ऐकू यायची गरज पडली नाही. तो आत गेला. मोरीत पाणी पडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. ग्रीसचे हात तो धूत होता. धुऊन बाहेर आला तरी नखं काळीच होती. तो पायरीवर बसला आणि शेजारी हात थोपटून त्याने अमृतलाही बसवलं.

"सांगी दिधं ना इनी?" तो म्हणाला. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "लोके आठे सायकल लई येतस ती आवाज काढाले. मालेच ऐकू येत नही म्हनीसन कळनं तं कोन येई?"

अमृतने त्याचा गुडघा दाबला, तेव्हा तो वळला. अमृत सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला, "माले तरी सांगाले पाहिजे व्हतं, नाना." कितीतरी वर्षांनी तो घरच्या बोलीत बोलत होता.

"तुले कसं सांगू?" लोटन म्हणाला. "फोनवर?"

आणि आपल्याच बोलण्यावर तो हसला. अमृतलाही हसू आलं आणि हातातल्या तांब्याची आठवण होऊन तो घटाघटा पाणी प्यायला. लग्नाच्या मांडवातली ती हाक, तो बँड, ते हसून मान हलवणं, सगळं पुन्हा डोळ्यांपुढून गेलं. त्या माणसाला बँडच्या गदारोळात काही कळलंच नव्हतं. सगळ्या अनोळखी तोंडांमधून तो एकटा वाट काढत चालला होता.

त्याने मग डिंपलला मुलगी झाल्याचं पुन्हा सांगितलं, ह्या वेळी समोर बसून, बाळाला हातात घेतल्याची खूण करून. लोटनने डोळे विस्फारले. "पोर व्हयनी?" म्हणत तो उठला आणि घरात बेबाबाईला ओरडून सांगायला लागला. तिने मघाशीच ऐकलं होतं, तरी तिने पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं.

दुपारी जेवण झालं. बेबाबाईने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. जेवताना आतल्या चुलीवर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, गल्लीत भंगारवाला ओरडत होता, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढत होतं. अमृतला प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येत होता आणि समोर नाना खाली मान घालून शांत जेवत होता. बेबाबाईने दोनदा विचारलं, भाजी वाढू का. मग तिने त्याच्या ताटाशी पळी नेली तेव्हा तो हो म्हणाला. आता निघावं की राहावं, काही बोलावं की गप्प बसावं, अमृतला ठरवता येईना.

हात धुऊन आल्यावर लोटननेच विषय काढला. सायकल त्याने दुकानाच्या मागच्या अंगणात स्टँडवर उभी केली आणि अमृतला सीटवर बसायला लावलं. मागचं चाक अधांतरी होतं.

"तू ऐक. मी धरस," लोटन म्हणाला. "वाजनी का बोट वर कर."

अमृतने पायडल मारायला सुरुवात केली. ती वाजली. त्याने बोट वर केलं. लोटन खाली बसला, क्रँकच्या कपावर त्याने तळहात ठेवला आणि अमृतच्या बोटाकडे बघत राहिला. बोट वर, बोट खाली, बोट वर. लोटनने मान हलवली, इथं नाही. मग हात वर सरकला, खालच्या नळीवर. मग पुढे, हँडलच्या मुळाशी. दर ठिकाणी तो तितकाच वेळ घ्यायचा, नाडी बघतात तसा. अमृतला दम लागला होता, घाम डोळ्यांत उतरत होता, पण तो थांबला नाही. आवाजावर राग काढायचं तो विसरला होता. उलट त्याला आता धाकधूक होती, की मध्येच ती वाजायची बंद होईल आणि नानाच्या हाताला काही लागणारच नाही.

लोटनचा हात सीटखाली आला. सीटची नळी फ्रेममध्ये जिथं शिरते तिथं त्याने दोन बोटं टेकवली. अमृतचं बोट वर गेलं. लोटनने डोळे मिटले. ह्या वेळी त्याने अमृतच्या बोटाकडे पाहिलंच नाही. अमृत पायडल मारत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक कुईंबरोबर नानाचा अंगठाच बारीकसा हलतो आहे.

"उतर," लोटन म्हणाला.

बोल्ट ढिला करून त्याने सीट नळीसकट उपटून काढली. आत नळीला गुंडाळलेली पत्र्याची एक पट्टी होती, झिजून कागदासारखी झालेली, मधून फाटलेली. तिच्याबरोबर तांबूस गंजाची भुकटी त्याच्या हातावर पडली. नवलने सीट बदलली होती, पण नळी तशीच ठेवली होती. आणि सायकल तपासताना तो पायडलवर उभा राहूनच चालवायचा, सगळेच कारागीर चालवतात तशी. सीटवर भार आल्याशिवाय ती पट्टी घासली जात नव्हती.

लोटन पट्टी उलटसुलट करून बघत होता. "हाई मीच टाकेल शे," तो म्हणाला. नळी फ्रेमला किंचित बारीक पडत होती, म्हणून तेव्हा तेलाच्या डब्याचा पत्रा कापून घातला होता. नंतर बदलू म्हणालो आणि राहून गेलं. त्याने ती पट्टी खिशात टाकली. नवा पत्रा कापला, कानशीने कडा घासल्या, ग्रीस लावून नळीवर गुंडाळला आणि सीट ठोकून बसवली. अमृतने चेनकव्हर आणि मडगार्ड आणले नव्हते, त्याबद्दल मात्र लोटनने त्याला भरपूर ऐकवलं.

अमृत गल्लीत चक्कर मारून आला. कपडे वाळत घातलेल्या दोरीखालून गेला, टपरीपर्यंत गेला, मुद्दाम उभ्या चढावर जोर देऊन गेला. काही वाजलं नाही. परत आला तेव्हा लोटन पायरीवर उभा होता आणि त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता.

"वाजनी का?" त्याने विचारलं.

अमृतने मान हलवून नाही म्हटलं. लोटनने पुन्हा विचारलं, खरंच ना. अमृतने पुन्हा नाही म्हटलं. मग लोटन एकदम तरुण दिसायला लागला आणि आत जाऊन त्याने बेबाबाईला चहा टाकायला सांगितला.

उन्हं कलली तशी दोघे सायकल घेऊन स्थानकावर आले. लोटनने टपावर चढून स्वतःच्या हातांनी दोरी आवळली, अमृत खालून नको नको म्हणत असताना. ते अर्थात त्याला ऐकू गेलं नाही. ड्रायव्हर घाई करत होता. अमृत आत चढून खिडकीशी बसला, काच सरकवली आणि हात बाहेर काढून हलवू लागला. लोटन खाली गर्दीत उभा होता. शेजारच्या गाडीचं इंजिन धडधडत होतं, कोणीतरी सामानाची पोती आपटत होतं. लोटन काहीतरी म्हणाला. एवढ्या गोंगाटात अमृतला कळलं नाही. त्याने हसून मान हलवली.

मान हलवली आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. मग त्याने बोट फिरवून खूण केली. पुन्हा सांग.

लोटनने पुन्हा सांगितलं. गाडी हलली. अमृतने त्याच्या ओठांकडे नीट पाहिलं, तरी जमलं नाही, आणि त्याने परत खूण केली. लोटन गाडीबरोबर चालू लागला, लोकांच्या मधून, तोंड मोठं उघडून, एक एक शब्द तोडून, आवाज न काढता. फलाट संपायच्या आत अमृतला ते वाचता आलं.

"हात मझार ले."

अमृतने हात आत घेतला.